दातेरी रूळ आणि बर्फाच्या पायऱ्या

गिसविल स्टेशन मागे पडलं की गाडीचा आवाज बदलतो. तोवर गुळगुळीत धावणारी गाडी वेग कमी करते, डब्याच्या तळाशी काहीतरी एकात एक अडकल्याची थरथर जाणवते आणि पुढचा चढ एका संथ घरघरीत सुरू होतो. स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नहून इंटरलाकेनला जाणाऱ्या या मीटरगेज गाडीत बहुतेकांचं लक्ष तेव्हा खिडकीबाहेर असतं. बाहेर बघण्यासारखं पुष्कळ आहेच. पण वाटेतली ही तळी इथे आली कुठून, असा प्रश्न ज्याला पडला असेल त्याने या घरघरीकडेही कान द्यावा. गाडीला जिथे दातेरी रूळ लागतो, जवळपास तिथेच बर्फाने डोंगरात पायरी ठेवलेली आहे.

लुसर्न ते इंटरलाकेन हे अंतर ७४ किलोमीटर, वेळ साधारण दोन तास. लुसर्न समुद्रसपाटीपासून ४३६ मीटरवर. पुढे सार्नेनचं तळं ४६९ मीटरवर, लुंगर्नचं ६८८ मीटरवर, ब्रुनिगच्या खिंडीतलं स्टेशन १००२ मीटरवर. तिथून गाडी खाली उतरते ती माइरिंगेनला, ५९५ मीटरवर, आणि मग ५६४ मीटरवरच्या ब्रिएंझच्या तळ्याकाठी. आकडे मुद्दाम दिले, कारण त्यांतच गोष्ट आहे. हा चढ सलग नाही. सपाट खोरं, त्यात तळं, मग एकदम उभी भिंत. पुन्हा सपाट, पुन्हा तळं, पुन्हा भिंत. पावसाच्या पाण्याने आणि नदीने कोरलेली दरी सहसा अशी दिसत नाही.

नदी उतारावरूनच वाहते, त्यामुळे तिला आपल्याच पात्रात शेकडो मीटर खोल खड्डा खणता येत नाही. ब्रिएंझचं तळं २६० मीटर खोल आहे, लुसर्नचं २१४ मीटर. हे काम हिमनदीचं. हिमनदी पुढे सरकते ती मुख्यतः तिच्या पृष्ठभागाच्या उताराच्या जोरावर. वरचा पृष्ठभाग पुढच्या दिशेने उतरता असेल, तर तळाचा बर्फ चढ चढूनही जातो. म्हणून जिथे बर्फ जाड, खडक नरम किंवा दोन हिमनद्यांचा संगम, तिथे खोल खड्डा पडतो आणि पुढचा कठीण खडक उंबरठा होऊन उरतो. सुमारे वीस-पंचवीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, या खोऱ्यांमध्ये शेकडो मीटर जाडीचा बर्फ होता. आरे हिमनदीचा एक फाटा ब्रुनिगची खिंड ओलांडून लुंगर्न आणि सार्नेनच्या खोऱ्यात उतरत होता. आजची गाडी त्याच वाटेने, उलट दिशेने चढते. या प्रवासातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

लुसर्न शहरात या बर्फाचा पुरावा हाताने चाचपून पाहता येतो. १८७२ साली तिथल्या जोसेफ विल्हेल्म आमराइन-ट्रॉलर यांनी दारूसाठी तळघर खणायला घेतलं, तेव्हा जमिनीखालून गोल, गुळगुळीत, आतून घासून काढल्यासारखे प्रचंड रांजणखळगे बाहेर आले. सर्वांत मोठा साडेनऊ मीटर खोल आणि आठ मीटर रुंद. हिमनदीच्या पोटाखालून प्रचंड दाबाने वाहणाऱ्या पाण्याचे भोवरे वाळू-गोटे घेऊन खडक कोरत राहिले, त्यांची ही करणी. त्याच खडकात ताडाच्या पानाचा आणि शिंपल्यांचा ठसाही मिळाला. म्हणजे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी इथे उष्ण प्रदेशातला समुद्रकिनारा होता. तळघराचं काम थांबलं, ती जागा ‘हिमनदी उद्यान’ म्हणून जतन झाली. लुसर्नला तासभर हाताशी असेल तर लाकडी पुलावर फोटो काढून झाल्यावर इथे जायलाच हवं.

लुसर्नचं तळं दिसतं तितकं शांत नाही. १८ सप्टेंबर १६०१ च्या रात्री या भागात भूकंप झाला. आजच्या अंदाजाने त्याची तीव्रता सुमारे ५.९ होती. तळ्याच्या बुडाशी उतारांवर साठलेला चिखल एकाच वेळी अनेक ठिकाणी घसरला आणि पाण्यात त्सुनामी उठली. लाटा काही ठिकाणी चार मीटरपर्यंत उंच होत्या. शहराचे लेखनिक रेनवार्ड सीझाट यांनी लिहून ठेवलं आहे की तळ्यातून बाहेर पडणारी रॉइस नदी उलटी वाहू लागली आणि मधूनमधून तिचं पात्र जवळजवळ कोरडं पडत होतं. कित्येक शतकं ही हकिगत ऐकणाऱ्याला अतिशयोक्ती वाटली असणार. अलीकडे संशोधकांनी ध्वनिलहरी सोडून तळ्याच्या बुडातल्या गाळाचे थर तपासले, तेव्हा एकाच क्षणी घसरलेल्या चिखलाचे ढिगारे तिथे खरोखर सापडले. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरांच्या कुशीत त्सुनामी येऊ शकते, हे आता तळ्याकाठच्या गावांच्या आपत्ती नियोजनात धरलं जातं.

आता त्या घरघरीकडे वळू. पोलादी चाक पोलादी रुळावर धावतं तेव्हा घर्षण फार कमी असतं, आणि रेल्वेची सगळी काटकसर त्यातच आहे. पण चढावर हाच गुण आड येतो. कोरड्या रुळावर चाकाची पकड त्यावरच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी असते. पाऊस, दव किंवा पालापाचोळा असेल तर ती दहाव्या हिश्श्यावर किंवा त्याखालीही येते. शंभर मीटरला बारा मीटर चढ असेल तर एक टन वजन वर ओढायला १२० किलो वजनाइतका जोर लागतो, आणि सगळी चाकं काही इंजिनाची नसतात. उतरताना तर ब्रेकचा सगळा भरवसा याच पकडीवर.

आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटात चढ सदतिसास एक आहे, म्हणजे शंभराला तीनही नाही; तरीही कर्जतला गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागत आली आहेत. माथेरानची छोटी गाडी वीसास एक चढते, ती वळणं घेत घेत आणि केवळ चाकांच्या पकडीवर. स्वित्झर्लंडच्याच बर्निना मार्गावर शंभराला सात असा चढ बिनदातांचा आहे, आणि तो मोठा पराक्रम मानला जातो. ब्रुनिगच्या गाडीपुढे शंभराला बाराच्या आसपास चढ आहे. तिथे पकडीवर विसंबता येत नाही.

यावरचा उपाय निकलाउस रिगेनबाख यांनी शोधला. १८१७ साली आल्सासमध्ये जन्मलेले हे अभियंते ओल्टेनच्या रेल्वे कारखान्याचे प्रमुख होते. हाउएनश्टाइनच्या चढावर इंजिनांची चाकं जागच्या जागी फिरताना त्यांनी पाहिली होती. १८६३ साली त्यांनी फ्रान्समध्ये पेटंट घेतलं. दोन रुळांच्या मधोमध आडव्या दांड्यांची लोखंडी शिडी आणि इंजिनाखाली दातेरी चाक. चाकाचा एकेक दात शिडीच्या एकेका दांडीत अडकत जातो आणि घसरण्याचा प्रश्नच मिटतो. अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनवर १८६९ साली अशी गाडी चालू झाली. युरोपातली पहिली डोंगरी गाडी रिगेनबाख यांनी लुसर्नच्या तळ्याकाठच्या फित्स्नाउ गावातून रिगी डोंगरावर नेली, २१ मे १८७१ रोजी. सुरुवातीच्या इंजिनांचे बॉयलर उभे असत, कारण चढावर आडव्या बॉयलरमधलं पाणी एका टोकाला जमून दुसरं टोक उघडं पडलं असतं. १८७३ सालचं असं एक इंजिन आजही जपलेलं आहे.

त्याच तळ्याच्या एका फाट्यावर, आपल्या गाडीच्या वाटेवरच्या अल्पनाखश्टाटवरून, आणखी अचाट गाडी निघते. पिलाटस डोंगरावर ती शंभराला अठ्ठेचाळीस चढ चढते आणि दातेरी रेल्वेत इतका तीव्र चढ जगात दुसरीकडे नाही. इतक्या उभ्या चढावर शिडीत उभा बसलेला दात वर उचलला जाऊन सुटण्याचा धोका असतो. एडुआर्ड लोखर यांनी दात आडवे केले: मधल्या पट्टीला दोन्ही बाजूंना दाते आणि गाडीखालची दोन आडवी चाकं तिला दोन्हीकडून धरून ठेवतात. १८८९ पासून ही रचना चालू आहे.

या स्विस कामाचा भारताशी थेट संबंध आहे. रिगेनबाख यांना निलगिरीच्या रेल्वेसाठी सल्ला द्यायला बोलावलं गेलं होतं, आणि मेट्टुपालयम ते कुन्नूर ही दातेरी रेल्वे १८९९ साली सुरू झाली ती रोमान आब्ट यांच्या पद्धतीने. आब्ट यांनी रिगेनबाख यांच्या हाताखाली काम केलं होतं. त्यांनी शिडीऐवजी दात्यांच्या पट्ट्या शेजारी शेजारी, दाते पुढेमागे ठेवून बसवल्या, म्हणजे चाकाचा कुठला ना कुठला दात कायम पुरता अडकलेला राहतो. उटीच्या गाडीची बरीचशी वाफेची इंजिनं विंटरथूरच्या कारखान्यातून आली.

ब्रुनिगचा मार्ग १८८८ साली अल्पनाखश्टाट ते ब्रिएंझ असा खुला झाला. लुंगर्नपाशी पोचलं की खाली निळंहिरवं तळं दिसतं आणि ते कायम असंच होतं असं वाटतं. तसं नाही. हे तळं ज्या खडकाच्या उंबरठ्यामागे साठलं आहे, त्यातून गावकऱ्यांनी भुयार खणलं आणि १८३६ साली पाण्याची पातळी बरीच खाली आणली. डोंगराळ भागात सपाट जमिनीची इतकी टंचाई होती की तळ्याचा तळ शेतीसाठी हवा होता. पुढे १९२० च्या दशकात विजेसाठी पाणी पुन्हा अडवलं गेलं. हिमनदीने केलेला खड्डा, माणसाने रिकामा केलेला आणि माणसानेच पुन्हा भरलेला. इतिहास ठाऊक झाल्यावर मला ते तळं अधिक सुंदर वाटतं.

खिंड ओलांडून गाडी माइरिंगेनला उतरते. या गावाने १८७९ आणि १८९१ असे दोन मोठे अग्निप्रलय पाहिले, आणि दोन्ही वेळी ‘फ्योन’ वाऱ्याने आग पसरवली. दक्षिणेकडून आल्प्सवर चढताना हवा पाऊस पाडून कोरडी होते आणि या बाजूला उतरताना दर शंभर मीटरला सुमारे एक अंशाने तापत येते. लाकडी घरांच्या गावाला असा वारा म्हणजे साक्षात वैरी.

माइरिंगेनला गाडीची दिशा उलटते, आणि यात प्रवाशाच्या उपयोगाची एक गोष्ट आहे. लुसर्नहून निघताना उजव्या खिडकीशी बसावं. सुरुवातीचं लुसर्नचं तळं तेवढं डाव्या हाताला जातं. सार्नेन आणि लुंगर्न उजवीकडे येतात, आणि गाडी उलटी वळल्यामुळे ब्रिएंझचं तळंही त्याच खिडकीत येतं.

ब्रिएंझच्या पाण्याचा रंग पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात कुणी काही मिसळलं असावं असं वाटतं. मिसळलेलं असतंच. वरच्या ग्रिमझेल आणि आसपासच्या भागांतल्या हिमनद्या खडक जात्यात दळल्यासारखा दळतात. ते पीठ आरे आणि ल्युचिने या नद्यांतून तळ्यात येतं. कण इतके बारीक की महिनोन्‌महिने बुडाशी बसत नाहीत. पाणी लाल प्रकाश शोषून घेतं, हे कण निळा-हिरवा प्रकाश परत फेकतात, आणि डोळ्यांना फिरोजी रंग दिसतो. पुढच्या थूनच्या तळ्यात पाणी जातं ते बरंचसं गाळून, म्हणून ते इतकं दुधाळ दिसत नाही.

या सौंदर्याची दुसरी बाजू मासेमारांना ठाऊक आहे. १९९९ साली ब्रिएंझच्या तळ्यातून डॅफ्निया हे सूक्ष्म जीव जवळजवळ नाहीसे झाले आणि त्यांच्यावर जगणाऱ्या फेल्शेन माशांची मासेमारी कोसळली. संशय गेला तो ग्रिमझेलच्या धरणांवर, कारण तिथून सोडलेल्या पाण्यामुळे बारीक गाळ हिवाळ्यातही तळ्यात येत राहतो. अभ्यासातून मात्र मुख्य कारण वेगळं निघालं: तळ्यात फॉस्फरसच फार कमी उरला होता. सांडपाणी शुद्ध होऊ लागलं, कपड्यांच्या साबणातल्या फॉस्फेटवर १९८६ मध्ये बंदी आली, आणि आधीच गाळामुळे अंधाऱ्या असलेल्या पाण्यात शेवाळाला खायला काही राहिलं नाही. शेवाळ नाही म्हणून डॅफ्निया नाही, आणि म्हणून मासा नाही. पाणी थोडं कमी शुद्ध करा, अशी मागणीही मासेमारांकडून झाली. प्रदूषण थांबवणं बरोबरच होतं, असं माझं ठाम मत आहे. पण ज्याचं पोट त्या तळ्यावर होतं त्याची तक्रारही खोटी नव्हती.

ब्रिएंझ गावामागचे ओढेही गाळ आणतात, आणि तो बारीक नसतो. ऑगस्ट २००५ मध्ये ग्लिसिबाख ओढ्यातून दगडमातीचा लोंढा गावात घुसला आणि दोघांचा जीव गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारच्या मिलिबाखमधून पुन्हा असाच लोंढा आला. ज्या पंखाकार उंचवट्यावर गाव वसलं आहे, तो अशाच लोंढ्यांनी हजारो वर्षांत रचला आहे. शेवटचं स्टेशन इंटरलाकेनही गाळावरच उभं आहे. बर्फ मागे हटल्यावर ब्रिएंझ आणि थून मिळून एकच लांबलचक तळं होतं. ल्युचिने आणि लोम्बाख या नद्यांनी दोन बाजूंनी गाळ टाकत ते मधोमध बुजवलं. हॉटेलं, बागा आणि स्टेशन त्या भरावावर आहेत, आणि भर पडणं थांबलेलं नाही.

तळी बुजत आहेत तशी नवीही तयार होत आहेत. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत आपला सुमारे दहावा हिस्सा बर्फ गमावला. आरेच्याच खोऱ्यात, माइरिंगेनच्या वर, ट्रिफ्ट हिमनदी मागे सरली तेव्हा तिच्या जागी या शतकाच्या सुरुवातीला एक तळं उमटलं. पूर्वी पलीकडच्या डोंगरातल्या आसऱ्याच्या घराकडे लोक हिमनदीवरून चालत जात. बर्फ इतका खाली गेला की २००४ साली तिथे झुलता पूल बांधावा लागला, आणि २००९ साली त्याहून लांब, १७० मीटरचा. आता त्या तळ्याच्या तोंडाशी धरण बांधून वीज निर्माण करण्याची योजना आहे. एका बाजूला कोळसा-तेलाविना मिळणारी वीज, दुसऱ्या बाजूला नुकतंच बर्फाखालून मोकळं झालेलं, अजून कुणी हात न लावलेलं खोरं. आणि यावरून पर्यावरणवादी गटांमध्येही दोन तट पडले आहेत.