नाडा, चाक आणि नव्वद टन

नांदेड-लातूरकडे उन्हाळ्यात शिवारात बोअरची गाडी आली की नारळ फुटतो, बघे जमतात. सगळ्यांची नजर भोकाकडे: धुराळा निघतो की ओल? रॉड उतरवणाऱ्या आणि वर काढणाऱ्या यंत्रणेकडे कुणी बघत नाही. खरं कसब मात्र तिथंच आहे. 600 फूट गेलं, तर 20 फुटी 30 रॉड एकेक करून उचलायचे, आटे सोडवायचे.

तेलविहिरीवर हेच काम अवाढव्य होतं. पाच इंची पाइप मीटरला साधारण 30 किलो. 3,000 मीटरवर नुसते पाइपच 90 टन. (विहिरीत भरलेल्या चिखलासारख्या द्रवात, म्हणजे मडमध्ये, हे वजन थोडं घटतं, पण फार नाही.) एवढा भार बिटवर, म्हणजे टोकाला खडक फोडणाऱ्या अवजारावर, टेकवला तर पाइप वाकतील. म्हणून बिटवर थोडंच वजन सोडतात. बाकीचं हुकाला टांगलेलं असतं. ड्रिलिंगच्या यंत्रणेचा, म्हणजे रिगचा, उंच मनोरा उभा असतो तो या टांगण्यासाठी. बिट झिजलं की सगळी माळ बाहेर काढायची, तीन-तीन पाइप एकत्र, शंभरावर खेपांत. मग तेवढ्याच खेपा पुन्हा खाली.

ज्यानं विहिरीचं पाणी ओढणारी बैलांची मोट पाहिली आहे त्याला हे चटकन कळेल. बैलांच्या जागी ड्रॉवर्क्स, म्हणजे मोटरवर फिरणारा ढोल. नाड्याच्या जागी पोलादी दोर. चाकाच्या जागी माथ्यावरच्या कप्प्या. फरक एवढाच की मोटेचं चाक ओढीची दिशा बदलतं, भार हलका करत नाही. रिगवर माथ्याच्या आणि हुकाजवळच्या कप्प्यांतून दोर आठ पदरी ओवला, की घर्षण सोडलं तर ढोलाला आठवा हिस्साच ओढ लागते. फुकट काही नाही: हुक मीटरभर चढायला आठ मीटर दोर गुंडाळावा लागतो. उतरवताना सगळी भिस्त ब्रेकवर.

आपल्या भागात तेल नाही, पण खोल भोक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीत 617 मीटर खोल ड्रिलिंग केलं. आधी 338 मीटर बेसाल्ट, मग आठेक मीटर गाळाचा थर, त्याखाली अतिप्राचीन स्फटिकी खडक. पाणी पंपानं येतं, तेल कधी आपल्याच दाबानं. अशा भोकातून तपासायला हवा असलेला अखंड खडक मात्र उचलूनच आणावा लागतो.

मोटेचा नाडा तुटेपर्यंत चालायचा. रिगवर दोरानं किती वजन किती अंतर वाहिलं याचा हिशोब टन-मैलांत ठेवतात, आणि मर्यादा भरली की धडधाकट दिसणारा दोरही पुढे सरकवून कापून टाकतात.