नदीत मिसळलेलं ईडीटीए उन्हाने मोडतं का?

साबण-शाम्पूच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत 'टेट्रासोडियम ईडीटीए' लिहिलेलं असतं. शेतकरी जे 'चिलेटेड झिंक' फवारतात, त्यातही बहुधा हेच असतं. कापड, कागद आणि धातूंच्या कारखान्यांतही ते वापरतात. खेकडा नांगीत भक्ष्य धरतो, तसं ईडीटीए पाण्यातला धातू धरून ठेवतं.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या जिवाणूंना मात्र ते सहसा पचत नाही. त्यामुळे ते तसंच नदीत उतरतं. तिथे त्याला मोडण्याचं मुख्य काम ऊन करतं.

पण सगळं ईडीटीए उन्हाने मोडत नाही. त्याने फेरिक लोह धरलेलं असेल, तर ही जोडी उन्हातले अतिनील आणि निळे किरण शोषते. मग ईडीटीएतला एक इलेक्ट्रॉन लोहाकडे जातो आणि रेणूचे तुकडे पडू लागतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि फॉर्माल्डिहाइड निघतात. निकेल, जस्त किंवा कॅल्शियम धरलेल्या ईडीटीएवर उन्हाचा फारसा परिणाम होत नाही. स्वित्झर्लंडमधल्या ग्लाट नदीच्या अभ्यासातून १९९०च्या दशकात हा फरक पुढे आला.

शिवाय पाणी गढूळ किंवा खोल असलं, की ऊन वरच्या थरातच अडतं. उरलेलं ईडीटीए तळच्या गाळातले जड धातू पुन्हा पाण्यात ओढू शकतं.

नदीला राज्याची हद्द नसते. वरच्या गावाने सोडलेलं पाणी खालच्या गावाच्या नळाला येतं. त्यामुळे सगळं उन्हावर सोपवून चालणार नाही. कारखान्यातच वापर कमी करणं किंवा एमजीडीएसारखा जिवाणूंना पचणारा पर्याय घेणं, हाच खात्रीचा मार्ग.