गोल होत नाहीत, कारण मधे कोणी नाही

२९ मार्च २०२५ च्या रात्री बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर मुंबई सिटीने पाच गोल खाल्ले आणि एकही केला नाही. इंडियन सुपर लीगची बाद फेरी, एकच सामना, हरलात की घरी. ८३व्या मिनिटाला पाचवा गोल झाला तो होर्हे परेरा दियाझचा. या माणसाला आम्ही चांगले ओळखतो. ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मुंबईने मोहन बागानला त्यांच्याच अंगणात ३–१ ने हरवून चषक आणला, तेव्हा मुंबईचा पहिला गोल याच दियाझने केला होता. अकरा महिनेही झाले नव्हते. ज्याने चषक मिळवून दिला त्याला जाऊ दिलं आणि त्यानेच येऊन शेवटचा खिळा ठोकला.

रत्नागिरीच्या मांडवीत बसून मुंबईच्या संघासाठी जीव जाळणारे आम्ही मोजकेच. रत्नागिरी पडते मुंबई आणि मडगावच्या मधोमध, त्यामुळे गावात फुटबॉलचे जे काही वेडे आहेत ते दोन तटांत वाटले गेलेत. ज्यांचे भाऊ-काका लालबाग, डोंबिवलीला, ते मुंबईचे. ज्यांचं जाणंयेणं गोव्याकडे, ते एफसी गोवाचे. फातोर्ड्याचं मैदान मडगाव स्टेशनपासून जवळ, म्हणून गोवेवाल्यांची सोय बरी. आमचा अंधेरीचा सामना रात्री साडेनऊच्या पुढे सुटणार, मग धावतपळत अकराच्या सुमाराची कोकणकन्या गाठायची आणि पहाटे रत्नागिरीला उतरायचं, तेही बहुधा हरून. एरवी मोबाइल आहेच. जेट्टीच्या कठड्यावर चौघांनी एका पडद्यात डोकी घालायची आणि चेंडू चौथ्यांदा मागे गेला की कोणीतरी ओरडायचं, ‘‘अरे पुढे टाक ना मेल्या!’’

पण चेंडू पुढे का जात नव्हता? त्या हंगामात जेट्टीवर, रिक्षा स्टँडवर, सगळीकडे निदान एकच होतं : स्ट्रायकर बोगस आहे, दुसरा आणा. ग्रीसचा निकोस कारेलिस बिचारा रोज शिव्या खात होता. माझं म्हणणं पहिल्यापासून वेगळं आहे. मुंबईच्या गोलांचा दुष्काळ पुढे पडलाच नव्हता. तो मैदानाच्या मधल्या वर्तुळात पडला होता.

आकडे बघा. २०२२–२३ च्या साखळीत प्रशिक्षक डेस बकिंगहॅमच्या हाताखाली मुंबईने २० सामन्यांत ५४ गोल केले, सलग १८ सामने हरली नाही आणि ४६ गुणांनी लीगची शिल्ड जिंकली. २०२४–२५ मध्ये २४ सामन्यांत गोल २९, खाल्ले २८, गुण ३६, क्रमांक सहावा. म्हणजे सामन्याला पावणेतीनच्या आसपास गोल करणारा संघ सव्वावर आला. नऊ विजय, नऊ बरोबरी, सहा पराभव. या नऊ बरोबरींकडे नीट बघायला हवं. वाईट संघ हरतो. जो संघ इतक्या वेळा बरोबरीत अडकतो, त्याच्याकडे चेंडू असतो, पण त्याचं करायचं काय हे ठरलेलं नसतं.

त्या हंगामात अंधेरीला येणारा पाहुणा संघ एकच बेत घेऊन यायचा. दहाही माणसं आपल्या अर्ध्यात, दोन ओळी करून, मधे फट नाही. म्हणायचा, ठेवा चेंडू तुमच्याकडे. मुंबईचे मागचे दोघे, तिरी आणि मेहताब सिंग, एकमेकांना पास देत राहायचे. एक डावीकडे सरकायचा, दुसरा उजवीकडे. पडद्यावर आकडा झळकायचा की चेंडूवर मुंबईचा ताबा जास्त, आणि समालोचक कौतुक करायचा. हा ताबा कौतुकाचा नव्हता. बचाव फोडायचा तर कोणीतरी त्या दोन ओळींच्या मधल्या अरुंद जागेत पाठीवर माणूस घेऊन चेंडू मागावा लागतो, एका स्पर्शात वळावं लागतं आणि समोरचा सावरायच्या आत सरळ उभा पास द्यावा लागतो. उभा पास गेला की प्रतिस्पर्ध्याची ओळ मोडते. ओळ मोडली की बाजूला धावणाऱ्या छांगटेला मोकळी जागा मिळते. छांगटे वेगाचा माणूस, त्याला चेंडू पायात नको, पुढ्यात हवा. चेंडू पुढ्यात टाकणाराच नसेल तर तो रेषेजवळ उभा राहून समोरच्या दोघांशी झटापट करत बसणार. आणि आम्ही इकडे म्हणणार, छांगटेचा फॉर्म गेला.

हे वळण्याचं आणि उभा पास देण्याचं काम करायचा अपुया. लालेंगमाविया राल्ते, मिझोरमचा, २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडकडून मुंबईत आला. गोलांच्या यादीत त्याचं नाव क्वचित दिसायचं, म्हणून चौकातल्या चर्चेतही नसायचं. २०२३ मध्ये अहमद जाहू हा मोरोक्कन मधल्या फळीतून गेला तेव्हा सगळे घाबरले होते. अपुयाने तेही ओझं उचललं आणि त्या हंगामात मुंबई ४७ गुणांवर पोचली. शिल्ड मोहन बागानने ४८ गुणांनी नेली, पण चषक आपला. मग २०२४ च्या उन्हाळ्यात अपुया त्याच मोहन बागानकडे गेला. दियाझ आणि अल्बेर्तो नोगेरा बंगळुरूला. चषक उचलणारा कर्णधार राहुल भेके, मुंबईचाच पोरगा, तोही बंगळुरूला. ग्रेग स्ट्युअर्ट त्याआधीच, हंगामाच्या मध्यावर, गेला होता.

नवे आले नाहीत असं नाही. गोव्याहून ब्रँडन फर्नांडिस आला, स्पेनचा जॉन तोराल आला, योएल व्हॅन निफ आधीपासून होताच. ब्रँडनच्या पायात अजून जादू आहे. कॉर्नर त्याच्यासारखा भारतात फार थोडे मारतात. पण तो पास देणारा माणूस. चेंडू हिसकावून घेऊन मग पास देणारा नव्हे. अपुया दोन्ही करायचा.

मांडवीकराला हे रापणीच्या भाषेत लगेच कळेल. रापणीचं जाळं ओढताना दोन्ही दोर सारख्या जोराने किनाऱ्याकडे यावे लागतात. एका बाजूचे गडी ढिले पडले की जाळ्याचं पोट वाकडं होतं आणि मासळी त्या बाजूने सटकते. बकिंगहॅमच्या संघाचं दडपण असंच होतं : चेंडू गेला रे गेला की सगळे एकदम पुढे, आणि मधला माणूस जागेवर राहून सुटलेला चेंडू उचलणारा. २०२४–२५ मध्ये पुढचे तिघे धावायचे, मागचे चौघे जागेवर थांबायचे, आणि मधल्या मोकळ्या जागेतून प्रतिस्पर्धी चालत बाहेर पडायचा. गोल कमी आणि खाल्लेले जास्त, दोन्हींचं मूळ एकाच जागी.

कोणाला हे माझं खूळ वाटेल, म्हणून मोठ्या भावाचं, तेव्हाच्या मुंबईच्याच मालकांच्या दुसऱ्या संघाचं, उदाहरण देतो. त्याच हंगामात मँचेस्टर सिटीचं काय झालं? सप्टेंबर २०२४ मध्ये रॉड्रीचा गुडघा गेला. मधला माणूस, गोलांच्या यादीत फारसा नसलेला. ऑक्टोबरमध्ये त्याला जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी’ऑर मिळाला तेव्हा तो कुबड्यांवर होता. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरअखेर सलग १३ सामन्यांत सिटी एकच जिंकली. चार वर्षं ओळीने प्रीमियर लीग जिंकलेला संघ! हालांड होता, ग्वार्डिओला होता, पैशांची ददात नव्हती. मांडवीच्या वाळूवर हालांडच्या नावाचा निळा शर्ट घालून चपलांचे गोलपोस्ट करणारी पोरं आहेत. ओहोटीला काळी वाळू घट्ट असते तेव्हा त्यांचा डाव रंगतो, आणि त्या सगळ्यांना पुढेच खेळायचं असतं. रॉड्री व्हायला कोणी तयार नाही.

मग मुंबईने अपुयासारखा दुसरा का आणला नाही? नियम असा की एका वेळी मैदानावर परदेशी चारच. उरलेले सात भारतीय हवेत. परदेशी स्ट्रायकर जगात कुठूनही मिळतो, ग्रीसमधून आणा नाहीतर अर्जेंटिनातून. पण राष्ट्रीय संघाच्या तोडीचे भारतीय मध्यरक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांच्यावर सगळ्यांचा डोळा. त्यातला एक गेला की त्या जागी परदेशी घालावा लागतो, परदेशी तिथे घातला की पुढचा किंवा मागचा एक कमी करावा लागतो. एक वीट काढली की अख्खी भिंत नव्याने रचायची. अपुयाची किंमत समजून घ्यायची असेल तर ७ एप्रिल २०२५ चा सामना बघा : जमशेदपूरविरुद्धच्या उपांत्य लढतीत भरपाई वेळेत गोल मारून बागानला अंतिम फेरीत नेणारा तोच. बागानने त्या वर्षी शिल्ड आणि चषक दोन्ही नेले.

इथे गोवेवाले मित्र हसतात, आणि त्यांना हसायचा हक्क आहे. २०२० मध्ये मुंबईने त्यांच्याशी हेच केलं होतं. प्रशिक्षक सर्जिओ लोबेराला गोव्याने हंगाम संपायच्या आधीच नारळ दिला, तो मुंबईत आला आणि मागोमाग जाहू, ह्युगो बूमूस, मूर्तादा फॉल आणि मंदार राव देसाई. संघाचा कणाच उचलून आणला म्हणा ना. २०२१ मध्ये मुंबईने शिल्ड आणि चषक एकाच वर्षी जिंकले, तेही करोनामुळे गोव्यातच खेळून. अंतिम सामना फातोर्ड्यावर, बिपीन सिंगचा ९०व्या मिनिटाचा गोल. त्याच मैदानावर २४ एप्रिल २०२४ ला उपांत्य फेरीत गोवा ९० मिनिटांपर्यंत २–० ने पुढे होता. मग छांगटे, विक्रम प्रताप सिंग, पुन्हा छांगटे, आणि सामना ३–२ ने मुंबईचा. मांडवीत त्या रात्री अर्धे लोक नाचत होते आणि अर्ध्यांनी मोबाइल बंद केले होते. गोव्याचा दुसरा गोल मारणारा ब्रँडन पुढच्या हंगामात मुंबईच्या शर्टात! आम्ही लगेच त्याला आपला म्हटलं. चाहत्याच्या निष्ठेत एवढी लबाडी असतेच.

गोव्याची कथा मात्र जास्त कडवट आहे. २०१५ आणि २०१९ चे अंतिम सामने हरले, २०२० मध्ये शिल्ड जिंकली, २०२५ मध्ये साखळीत दुसरे आले आणि उपांत्य फेरीत सुनील छेत्रीने भरपाई वेळेत डोकं घालून त्यांना बाहेर काढलं. सुपर कप त्यांनी जिंकले, पण लीगचा चषक आजवर नाही. तरी त्यांचा एक हेवा वाटतो. गोव्यात संघ हरला तरी गावागावात मैदान आहे, चर्चच्या मागे पोरं खेळतायत, पुढचा ब्रँडन तिथून येईल अशी आशा धरता येते. आमच्याकडे रत्नागिरीत मैदान म्हणजे क्रिकेट, नाहीतर कबड्डी. फुटबॉल ओहोटीच्या वेळापत्रकावर.

आणि महाराष्ट्रात संघ हरण्याची भीती दुय्यम. खरी भीती संघच नाहीसा होण्याची. महिंद्रा युनायटेडने २००५–०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघ बंद झाला. पुणे एफसी गेली, मुंबई एफसी गेली, डीएसके शिवाजीयन्स गेली. एफसी पुणे सिटी २०१८ मध्ये उपांत्य फेरीत खेळली आणि २०१९ मध्ये गुंडाळली. तिची जागा हैदराबादने घेतली, हैदराबादने २०२२ मध्ये चषक जिंकला, दोन वर्षांत तिथे पगार थकले, २२ सामन्यांत एकच विजय, आणि २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला गेला. पुण्याच्या चाहत्याने कोणावर रागवायचं तेच कळेना.

मुंबई सिटीला वाटायचं, आपल्यामागे मँचेस्टरवाल्यांचा सिटी फुटबॉल ग्रुप आहे. २०१९ मध्ये त्यांनी ६५ टक्के हिस्सा घेतला होता. पण अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांचा १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. नवा करार होईना, नवा हंगाम जुलैतच थांबवला गेला, लीगचे हक्क विकायला काढले तर बोली लावायला कोणी आलं नाही. डिसेंबरच्या अखेरीस सिटी ग्रुपने मुंबईतला हिस्सा सोडून काढता पाय घेतला. संघ पुन्हा मूळ मालकांच्या, रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्या हाती. दरम्यान मेहताब बागानला गेला होता, बिपीन ईस्ट बंगालला. लीग कधी सुरू होणार हेच माहीत नसेल तर चांगला खेळाडू थांबेल कशाला? त्याचं करिअर दहा-बारा वर्षांचं. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये ठरलं की फेब्रुवारीपासून छोटा हंगाम खेळवायचा, प्रत्येक संघाशी एकदाच गाठ.

या सगळ्या गोंधळात एक गोष्ट मला अजून पटवून देता आलेली नाही. जेट्टीवर पुन्हा तीच मागणी सुरू आहे : चांगला परदेशी स्ट्रायकर हवा. मी म्हणतो, मुंबईच्या अकादमीतला वीस वर्षांचा एखादा पोरगा मधे उभा करा, दोन हंगाम त्याच्या चुका सहन करा, चेंडू गमावला तरी पुढच्या सामन्यात बसवू नका. त्या दोन हंगामांत आपण आठवे-नववे येऊ, शिव्या खाऊ. गोवेवाले तर हे ऐकून खूशच होतात. म्हणतात, करा, करा, आणि तयार झाला की आम्हाला द्या.