आखूड नळीची रायफल, लांबलचक अर्ज

अमेरिकेत बंदूक मिळवणे सोपे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे. मात्र त्याच देशात १६ इंची रायफलीची नळी इंचभर कापली आणि त्याआधी केंद्र सरकारकडे नोंदणी केली नाही, तर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. या नोंदणीवरील २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला. त्यामुळे नोंदणीच रद्द झाली, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. पण तो चुकीचा आहे. कर गेला, अर्ज राहिला.

मर्यादा आली कोठून?

या नियमाचे मूळ १९३४ च्या ‘नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट’मध्ये आहे. टोळीयुद्धांच्या पार्श्वभूमीवर आलेल्या या विधेयकाच्या मूळ मसुद्यात पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरही होते. रायफल कापून तिचे पिस्तूल करण्याची पळवाट राहू नये, म्हणून लांबीची अट घालण्यात आली. पुढे पिस्तुले मसुद्यातून वगळली गेली, अट मात्र तशीच राहिली. आज रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा कमी, अथवा रायफलीपासून केलेल्या शस्त्राची एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असल्यास नोंदणी अनिवार्य ठरते. आखूड नळीच्या पिस्तुलाला खांद्याला टेकवण्याचा दस्ता जोडला, तरी तीच ‘आखूड नळीची रायफल’ होते.

आधी मंजुरी, मग जोडणी

असे शस्त्र स्वतः तयार करू इच्छिणाऱ्यास ‘फॉर्म १’ हा अर्ज ‘एटीएफ’ या केंद्रीय यंत्रणेकडे करावा लागतो. तो ऑनलाइनही भरता येतो. अर्जदाराचे नाव-पत्ता, शस्त्राचा मूळ उत्पादक, मॉडेल, अनुक्रमांक, कॅलिबर, नळीची नियोजित लांबी आणि एकूण लांबी ही माहिती त्यात द्यावी लागते. सोबत छायाचित्र आणि बोटांचे ठसे असतात. पूर्वी व्यक्तिगत अर्जावर स्थानिक पोलीसप्रमुखाची स्वाक्षरी आवश्यक असे. २०१६ मध्ये ती अट जाऊन त्यांना अर्जाची प्रत पाठवणे पुरेसे ठरले. त्यानंतर अर्जदाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते.

या साऱ्यात क्रमाला सर्वाधिक महत्त्व आहे. अर्ज पाठवला म्हणजे परवानगी मिळाली, असे होत नाही. मंजुरी हाती येण्यापूर्वी नळी कापणे किंवा आखूड नळी बसवणे हा गुन्हाच ठरतो. मोजमापही काटेकोर असते. नळी मोजताना बंद केलेल्या बोल्टच्या पुढील पृष्ठापासून तोंडापर्यंतचे अंतर धरले जाते. तोंडाशी कायमस्वरूपी जोडलेला भाग त्यात धरतात, काढता येणारा धरत नाहीत.

शस्त्र बनवणाऱ्याचे नाव, शहर आणि राज्य धातूवर किमान ०.००३ इंच खोल कोरावे लागते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शस्त्र नेण्यासाठी कायद्याने पूर्वपरवानगी सांगितली आहे. राज्याचा कायदाच आड येत असेल, तर केंद्राची मंजुरीही मिळत नाही.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांनी एक बाब ध्यानात ठेवावी. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांना, शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता, कोणतीही बंदूक बाळगण्यास केंद्रीय कायद्याची मनाई आहे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही.

कराविना कर-कायदा

१९३४ मध्ये संसदेने हा कायदा कर आकारण्याच्या अधिकाराखाली केला होता आणि १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच आधारावर वैध ठरवला. २०२५ च्या अर्थविषयक कायद्याने मशीनगन आणि बॉम्बसारखी विध्वंसक साधने वगळता इतर शस्त्रांवरील हा करच शून्य केला. मग नोंदणीची सक्ती कशाच्या आधारावर उभी राहते, हा प्रश्न घेऊन बंदूकसमर्थक संघटनांनी २०२५ मध्येच न्यायालयात धाव घेतली. प्रश्न घटनात्मकदृष्ट्या रास्त आहे. मात्र न्यायालयात दावा दाखल झाल्याने कायदा आपोआप रद्द होत नाही. शुल्क शून्य झाले, म्हणून शिक्षाही शून्य झाली असे समजून कानस हाती घेणाऱ्याला ही गफलत फार महागात पडेल.