बांध हद्दीचा की उताराचा?

अवर्षणप्रवण मुलखात पाऊस थोडा, म्हणून तेथे जमिनीची धूपही थोडी, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. सोलापूरकडील पाऊस बेताचा खरा. परंतु तो थोड्या दिवसांत, जोराच्या सरींनी पडतो. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे १ लाख लिटर पाणी झाले. ते मुरले तर ज्वारी पोसते. उतारावरून पळाले तर माती घेऊन जाते. एकरातून केवळ १ मिलिमीटर जाडीचा थर गेला, तरी ती सुमारे ५ टन माती होते. डोळ्यांना मात्र हा थर जाणवतही नाही.

पाण्याबरोबर प्रथम जाते ती वरची बारीक व कसदार माती. वर्षभर जपून कुजविलेले शेणखतही तिच्याच वाटेने नाल्यास मिळते. म्हणून ज्या कुटुंबाचे वर्षाचे धान्य चार-पाच एकर कोरडवाहू रानावर अवलंबून आहे, त्याने खताआधी बांधाचा विचार करावा.

"आमच्या रानाला बांध आहेत की!" असे उत्तर पुष्कळदा मिळते. पण ते बहुधा हद्दीचे असतात. वाटण्या होऊन रानाच्या पट्ट्या उताराच्या दिशेने पडल्या असतील, तर हद्दीचा बांध पाणी अडवीत नाही. उलट त्याच्या कडेने पाणी वेग घेते व ओघळ पडते. पाणी अडविणारा बांध उताराला आडवा हवा. सोलापूर येथे १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. त्यातून पुढे आलेल्या पद्धतीत बांधबंदिस्ती, शेणखत, कुळवणी व विरळ पेरणी ही अंगे एकत्र सांगितली होती, ती याचसाठी.

अडचण अशी की, समपातळीची रेषा हद्द ओळखत नाही. ती चार भावांच्या रानांतून जाते. वरच्याने बांध घातला नाही, तर त्याच्या पाण्याच्या लोंढ्याने खालच्याचा बांध फुटतो. म्हणून शेजाऱ्यांनी एकत्र बसून, माथ्याकडून पायथ्याकडे काम करावे. हद्दीचे दगड जागच्या जागी राहतील. मालकीस बाध येत नाही.

हलक्या व मध्यम जमिनीत समपातळी बांध घालावेत. भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबून पीक पिवळे पडते, तेथे ढाळीचे बांध योग्य. जादा पाण्यासाठी दगडी सांडवा ठेवावा. बांधावर मारवेल किंवा पवना लावल्यास बांध टिकतो व बैलांना वैरण मिळते. बांधाखाली गेलेल्या जागेचा मोबदला असा काही अंशी परत येतो.

बांध होईपर्यंत मात्र थांबू नये. नांगर, कुळव व पाभर उताराला आडवी चालविण्यास वेगळा खर्च नाही; प्रत्येक तास हा एक लहान बांधच होय. ज्वारी-बाजरीबरोबर मटकी वा हुलग्याचे आडवे पट्टे घेतल्यास जमीन झाकली जाते.

शेतकरी बंधुभगिनींनो, येत्या पावसात आपल्या रानातून बाहेर पडणारे पाणी गढूळ आहे की निवळ, एवढे अवश्य पाहावे. गढूळ पाणी म्हणजे आपल्या मुलांची भाकरी नाल्यास चालली, असे समजावे.