परवान्याची शीव

श्रोतेहो, नवापूरचे रेल्वे स्टेशन आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. सुरत-भुसावळ मार्गावरच्या या स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकावर दोघे शेजारी बसले, तर एक या राज्यात आणि दुसरा त्या राज्यात, अशी तिथली गंमत! माणसाला ही सरहद्द ओलांडायला कुणाची परवानगी लागत नाही. पण त्याच्या खिशात कामाचा परवाना असेल, तर तो परवानाही त्याच्याबरोबर सरहद्द ओलांडतो का? आपल्या खानदेशाच्या एका अंगाला गुजरात आणि दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश. तेव्हा हा प्रश्न आपल्या पोरांच्या पोटापाण्याचा आहे.

समजा, रावेर तालुक्यात तीन भाऊ आहेत. थोरला ट्रक चालवतो, मधला वायरमन आहे आणि धाकटा नळाचे काम करतो, म्हणजे प्लंबर आहे. बऱ्हाणपूर त्यांना हाकेच्या अंतरावर. तिघांनाही तिथे काम मिळते. आता कायदा तिघांना काय सांगतो ते पाहू.

थोरल्याला काळजी नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे कोणत्याही राज्यात मिळालेले ड्रायव्हिंग लायसन्स साऱ्या भारतात चालते. मात्र माणसाचे लायसन्स वेगळे आणि भाड्याने चालणाऱ्या गाडीचे परमिट वेगळे, बरं का! एका राज्याचे परमिट दुसऱ्या राज्यात चालायचे, तर साधारणपणे त्यावर त्या राज्याची प्रतिस्वाक्षरी लागते. अशा वाहतुकीसाठी राज्ये आपसांत करार करतात. ‘तुमच्या इतक्या गाड्या आमच्याकडे येऊ द्या, आमच्या इतक्या तुमच्याकडे येतील,’ असा तो व्यवहार. यालाच परस्पर मान्यता म्हणायचे. आपल्या गावात सावड असते ना, तसेच हे. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या.

आता मधला. विजेच्या कामाबद्दल १९५६ साली देशभरासाठी नियम झाले. पुढे २०१० साली आणि नंतर २०२३ साली केंद्रीय वीज प्राधिकरणाने नवे विनियम केले, पण मुख्य तत्त्व तेच राहिले. ते असे. वीज जोडणीचे नवे काम किंवा फेरफार करायचा, तर तीन माणसे लागतात. एक, राज्य सरकारचा परवाना असलेला ठेकेदार. दुसरा, देखरेख करणारा, ज्याच्याजवळ पात्रतेचा दाखला आहे असा. आणि तिसरा, प्रत्यक्ष हात घालणारा परवानाधारक कारागीर. नियमातले शब्द फार मोलाचे आहेत. कारागिराचा परवाना राज्य सरकारने ‘दिलेला किंवा मान्य केलेला’ असावा, असे तिथे म्हटले आहे. मधल्या भावाची सारी आशा त्या ‘मान्य केलेला’ या दोन शब्दांत आहे. मध्य प्रदेश सरकारने महाराष्ट्राचा परवाना मान्य केला, तर त्याला पुन्हा परीक्षेला बसायला नको. न केला, तर तिथला परवाना काढल्यावाचून गत्यंतर नाही. ठेकेदाराला मात्र नियमाने एवढीही मोकळीक दिलेली नाही. ज्या राज्यात काम, त्या राज्याचा परवाना त्याला हवाच.

१ मे १९६० पूर्वी धुळे आणि सुरत एकाच मुंबई राज्यात होते. एका राज्याचा परवाना दोन्हीकडे पुरे होता. त्या दिवसापासून महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाले आणि जिथे नुसती जिल्ह्याची हद्द होती, तिथे परवान्याचीही शीव आली. वीज तीच, तार तीच, धक्काही तोच. सही करणारे हात मात्र दोन झाले.

धाकट्याची गोष्ट तर आणखी निराळी. नळाच्या कामाचा परवाना राज्य देत नाही, तो शहराकडून मिळतो. महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यात प्लंबरला परवाना देण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी २००३ साली महानगरपालिका झाल्या. म्हणजे बऱ्हाणपूर राहू द्या, जळगावच्या परवान्याचा जोर धुळ्यालाही पोचत नाही!

असे का? याचे उत्तर आपल्या राज्यघटनेत आहे. सातव्या परिशिष्टात केंद्र आणि राज्ये यांच्या कामाची वाटणी केली आहे. मोटारगाड्या आणि वीज हे विषय समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांच्या सामाईक शेतात आहेत. पाणी आणि स्थानिक संस्था हे राज्यांच्या वाट्याला आले. गाडी चालवणाऱ्याबाबत संसदेने सरळ सांगितले, की एक लायसन्स साऱ्या देशात चालेल. विजेबाबत नियम देशाचे ठेवले, पण परवाना देणे राज्यांवर सोपवले. आणि पाण्याचा कारभार राज्याने शहरांवर सोपवला.

मग कुणी म्हणेल, ही परवान्याची कटकटच नको. तसे नव्हे. केळीच्या बागेतल्या विहिरीवरच्या मोटारीचे अर्थिंग नीट नसेल, तर ओल्या हाताने स्टार्टर दाबणारा शेतकरी जिवानिशी जातो. पिण्याच्या पाण्याचा नळ गटाराजवळून कच्च्या जोडाने नेला, तर सारी आळी आजारी पडते. घटनेने हवा तो धंदा करण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे, पण त्यासाठी तांत्रिक पात्रता ठरवण्याची मुभा सरकारलाही ठेवली आहे, ती उगाच नाही. परीक्षा हवीच. तीच परीक्षा शीव ओलांडली की पुन्हा का द्यावी, एवढाच प्रश्न आहे.

तो सुटायचा कसा? पूर्वी शेर आणि मण मुलखामुलखात वेगळे होते. एका बाजारचे माप दुसऱ्या बाजारात कुणी मानीत नसे. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापे आली आणि भांडण मिटले. परवान्याचेही तसेच. आधी माप एक व्हावे लागते, मग विश्वास बसतो. ऑस्ट्रेलियात १९९२ साली परस्पर मान्यतेचा कायदाच झाला. तिथे एका राज्यात नोंदलेल्या कारागिराला दुसऱ्या राज्यात त्याच धंद्याची नोंदणी मागता येते. आपल्याकडे आय.टी.आय.च्या शिक्षणात असे एक माप १९५६ पासून आहे. त्या साली त्यासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर मानले जाते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझे सांगणे आहे. दहावीनंतर मुलगा किंवा मुलगी आय.टी.आय.ला निघाली, की प्रमाणपत्र राष्ट्रीय मिळणार की फक्त राज्याचे, हे आधी विचारायला सांगा. प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे हेही समजावा. पण परवान्याच्या अर्जाला त्याचाच आधार असतो.

आणि शेतकरी भावांनो, बल्ब, फ्यूज, पंखा यांची नुसती अदलाबदल करायला नियमाने परवाना लागत नाही. नवी जोडणी करताना मात्र येणाऱ्याचा परवाना पाहायला मागा. तो कोणत्या राज्याचा आहे, त्याची मुदत संपली आहे काय, हे वाचा. आपला मुलगा कामासाठी शीव ओलांडत असेल, तर ठेका घेण्याआधी तिकडच्या विद्युत निरीक्षकाच्या कचेरीत एक अर्ज देऊन ‘माझा परवाना इथे मान्य आहे काय?’ असे लेखी विचारून घ्यायला सांगा. लेखी उत्तर हाती असले, म्हणजे उद्या काही घडले तरी त्याला कुणी चोर म्हणणार नाही.