हवेतली ऊब उपसणारं यंत्र

मराठी घराला रोजच्या गरम पाण्याची सवय तांब्याच्या बंबाने लावली. मधोमध नळकांडं, त्यात काटक्या आणि गोवऱ्या, भोवती पाणी. वरून थंड पाण्याचा तांब्या ओतला की तोटीतून तेवढंच कढत पाणी बाहेर. आग पाण्याच्या पोटातच असल्यामुळे उष्णता वाया कमी जायची, आणि या दृष्टीने बंब हे फार हुशार भांडं होतं. पुढे इमर्शन रॉड आला, गीझर आला, गॅस गीझर आला. धूर गेला, राख गेली, पण तत्त्व तेच राहिलं: काहीतरी खर्ची घालून उष्णता निर्माण करायची आणि ती पाण्यात सोडायची. गीझरची कॉइल एका युनिट विजेची एक युनिट उष्णता करते, त्याहून जास्त करूच शकत नाही. गीझरवर जे तारे छापलेले असतात ते कॉइलचं कौतुक करत नाहीत. पाणी तापून नुसतं पडून असताना टाकी किती उष्णता गळू देते, एवढंच ते सांगतात. पाच तारे म्हणजे गोधडी चांगली, इतकंच.

हीट पंप या परंपरेतला नाही. तो उष्णता तयार करतच नाही, बाहेरच्या हवेत असलेली उष्णता उपसून पाण्यात आणून टाकतो. विहिरीवरची मोटर पाणी निर्माण करत नाही, खालचं पाणी वर चढवते आणि वीज फक्त त्या चढवण्यासाठी लागते. इथेही वीज खर्च होते ती उष्णतेला कमी तापमानाच्या हवेतून जास्त तापमानाच्या पाण्यात चढवण्यासाठी. म्हणून एक युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता टाकीत जमा होते. यात जादू नाही आणि फसवणूकही नाही. वरची दोन-अडीच युनिटं हवेची आहेत आणि हवा बिल पाठवत नाही.

आतली रचना फ्रिजचीच आहे. फ्रिजच्या मागच्या जाळीला हात लावला की ती कोमट लागते, कारण आतल्या भाजीची आणि दुधाची उष्णता तिथे बाहेर टाकली जात असते. हीट पंपात ती जाळी पाण्याच्या टाकीभोवती गुंडाळलेली असते आणि ‘आतली बाजू’ उघड्या हवेत असते. पंखा हवा ओढून एका गार कॉइलवर सोडतो. त्या कॉइलमधला द्रव इतक्या कमी तापमानाला उकळतो की आपल्याला थंड वाटणारी पंधरा-वीस अंशांची हवाही त्याची वाफ करायला पुरते. ती वाफ कॉम्प्रेसर दाबतो. दाबली की ती तापते, साठ-सत्तर अंशांच्या पुढे जाते, टाकीभोवतीच्या नळीतून फिरताना पाण्याला उष्णता देते आणि स्वतः पुन्हा द्रव होते. पुढे एका अरुंद झडपेतून दाब उतरतो, द्रव गार होतो आणि फेरी परत सुरू. मागच्या बाजूने गार, कोरडी हवा आणि थोडं पाणी बाहेर पडतं.

कल्पना नवी नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले शास्त्रज्ञ, यांनी १८५२ मध्येच मांडलं होतं की उष्णता-इंजिन उलटं चालवून इमारत तापवता येईल. चारेक वर्षांत पीटर फॉन रिटिंगर यांनी ऑस्ट्रियात एबेन्झे इथल्या मिठाच्या कारखान्यात या तत्त्वावर खारं पाणी आटवणारं यंत्र उभं केलं. पण कोळसा स्वस्त होता आणि जगाला घाई नव्हती. १९३८ मध्ये झुरिकच्या नगरभवनाला लिम्माट नदीच्या थंडगार पाण्यातून ऊब उपसणारा पंप बसला, तो कोळशाची टंचाई भासू लागलेल्या स्वित्झर्लंडमध्ये. तो साठ वर्षांहून अधिक काळ चालला. टंचाई आली की हे यंत्र आठवायचं आणि इंधन स्वस्त झालं की विसरायचं, असा याचा इतिहास आहे.

घरगुती गरम पाण्याच्या बाबतीत त्याला खरी प्रतिष्ठा दिली जपानने. तिथे रात्री टब भरून गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसण्याची रीत आहे. एका टबालाच दोनशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. २००१ मध्ये तिथे ‘इको-क्यूट’ नावाने विकले जाणारे हीट पंप बाजारात आले. तोक्यो इलेक्ट्रिक पॉवर, विद्युत उद्योगाची संशोधन संस्था आणि डेन्सो यांनी मिळून ते विकसित केले. त्यात वापरलेला वायू होता साधा कार्बन डायऑक्साइड. शीतकरणासाठी हा वायू शतकापूर्वी वापरात होता, पुढे फ्रिऑनने त्याला हाकलून लावलं, आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी नॉर्वेचे प्राध्यापक गुस्ताव लोरेन्ट्झेन यांनी त्याला परत आणलं. या वायूवर पाणी ९० अंशांपर्यंत तापवता येतं. पंधरा वर्षांत जपानी घरांत पन्नास लाखांच्या आसपास इको-क्यूट बसले.

त्यामागे विजेच्या दराचं गणित होतं. अणुवीज केंद्रं रात्री बंद ठेवता येत नाहीत, म्हणून रात्रीची वीज स्वस्त. मग रात्री तीनशे सत्तर किंवा चारशे साठ लिटरची टाकी तापवून ठेवायची आणि दिवसभर वापरायची. २०११ च्या फुकुशिमा अणुकेंद्रातल्या दुर्घटनेने ते गणित उलटलं. छपरांवर सौर पॅनल वाढले, दुपारची वीज उरू लागली, आणि २०२२ मध्ये उत्पादकांनी मुद्दाम दुपारी चालणारी नवी जात बाजारात आणली. हा तपशील लांबवून सांगितला, कारण तो आपल्याही कामाचा आहे.

आपल्या हवेत हे यंत्र जपानपेक्षाही सुखात राहील. हवा आणि पाणी यांच्या तापमानातलं अंतर जितकं कमी तितका उपसा सोपा. ३० अंशांच्या हवेतून ५५ अंशांचं पाणी करणं आणि ५ अंशांच्या हवेतून करणं यांत विजेच्या खर्चाचा फरक सहज दीडपट पडतो. रत्नागिरी, पणजी, मुंबई इथे थंडीतही हवा क्वचितच पंधराच्या खाली जाते. शिवाय दमट हवेतली वाफ गार कॉइलवर धरते तेव्हा तिची सुप्त उष्णताही पदरात पडते. कोकणातला घाम निदान इथे तरी उपयोगी येतो. निफाड किंवा महाबळेश्वरच्या जानेवारीतल्या पहाटे मात्र यंत्राची दमछाक होते आणि कॉइलवर दव गोठू लागतं. त्यावर उपाय सोपा आहे: पहाटे चालवूच नका.

आणि इथेच बहुतेक घरांची चूक होते. गीझरची सवय अशी की आंघोळीला निघालो की बटण दाबायचं. हीट पंपाचं तसं नाही. दोनशे लिटरचं यंत्र साधारण पाचसहाशे वॉट वीज घेतं आणि टाकी तापवायला चार-पाच तास लावतं. घाईत यंत्राच्या आतली, गीझरसारखीच विजेची जोड-कॉइल चालू केली, किंवा कंपनीच्या माणसाने ती कायम चालूच ठेवून दिली, तर तुम्ही लाखाच्या यंत्राचा गीझर करून टाकता. योग्य वेळ दुपारी बारा ते चार. हवा सर्वांत तापलेली, छपरावर सौर पॅनल असतील तर वीज घरची, आणि महावितरणने २०२५ पासून टीओडी (वेळेनुसार दर लावणाऱ्या) मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू केली आहे, ती वेळही हीच. चांगल्या टाकीत दुपारचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी काही अंशच उतरलेलं असतं.

मग घ्यायचं का? आधी बादल्या मोजा. दोनशे लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला सात युनिट उष्णता लागते. गीझरला तेवढीच किंवा थोडी जास्त वीज, हीट पंपाला दोन-अडीच. रोजची साडेचार युनिटं वाचली, वर्षातले तीनशे दिवस धरले (विदर्भात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरची टाकीच हात पोळते, तेव्हा कशाचीच गरज नसते), आणि सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये मानले, तर वर्षाला तेरा-चौदा हजार. बिल वरच्या टप्प्यात जात असेल तर जास्तच, कारण वाचतात ती नेहमी महागड्या टप्प्यातली युनिटं. लाखाच्या आसपासचं यंत्र सात-आठ वर्षांत फिटतं. पण घरात दोघंच, दोघंही बादलीने आंघोळ करणारे, असं असेल तर रोज तीस-चाळीस लिटर कढत पाणी पुरतं आणि वाचते जेमतेम एखादं युनिट. अशा घराने हीट पंप घेणं म्हणजे हौस. स्वतःचं मोकळं छप्पर असेल तर सौर बंबही आधी विचारात घ्यावा, तो बराच स्वस्त पडतो. पावसाळ्यात मात्र त्याला जोड लागते. शॉवर घेणाऱ्या पाचसहा जणांचं घर, होमस्टे, वसतिगृह, छोटं रुग्णालय, गच्ची वाट्याला न आलेली सदनिका, ही हीट पंपाची खरी गिऱ्हाइकं.

घ्यायचं ठरलं तर दुकानदाराला पहिला प्रश्न सीओपीचा विचारा, पण नुसता आकडा घेऊन गप्प बसू नका. सीओपी म्हणजे एका युनिट विजेला किती युनिट उष्णता. ‘४.५’ असं पत्रकात ठळक छापलेलं असतं. ते हवेच्या किती अंशांवर आणि पाणी कितीपासून कितीपर्यंत तापवताना मोजलं, हे खाली बारीक अक्षरांत असतं किंवा नसतंच. तापमानाशिवाय सीओपी सांगणारा विक्रेता सोडून पुढच्या दुकानात जावं.

टाकीकडे यंत्रापेक्षा जास्त लक्ष द्यावं, कारण आधी तीच मरते. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर क्षार साचतात, आणि क्लोराइड जास्त असेल तर स्टीलच्या टाकीलाही सुईएवढी भोकं पडतात. काचेचा लेप दिलेल्या लोखंडी टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी ती झिजते, म्हणजे तिने झिजायचं आणि आपण ती वेळेवर बदलायची. प्रत्यक्षात ती बदलली जात नाही, कारण ती आहे हेच बऱ्याच घरांत कुणाला माहीत नसतं. खरेदीच्या वेळीच विचारा: कांडी किती वर्षांनी बदलायची, मिळते कुठे, बदलणार कोण? पाण्याची तपासणी करून घेतली तर उत्तम.

आतल्या वायूचंही नाव विचारावं. आर-१३४ए हा हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट ऊब धरतो. २०१६ च्या किगाली करारानुसार असे वायू जगभर टप्प्याटप्प्याने कमी व्हायचे आहेत आणि भारतही त्यात आहे. आर-३२ त्याच्या निम्म्याखाली. आर-२९० म्हणजे प्रोपेन, आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचाच एक घटक. हवामानाला जवळपास निरुपद्रवी, पण ज्वालाग्राही, म्हणून तो मोकळ्या हवेत आणि जाणत्या माणसाच्या हातून बसवलेला हवा.

बसवण्याच्या जागेवरून शेजाऱ्यांशी भांडणं होऊ शकतात. आवाज खिडकीच्या एसीइतका, पण तासन्‌तास. जपानमध्ये रात्री चालणाऱ्या यंत्रांच्या घुमणाऱ्या आवाजाने झोप उडाल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०१४ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाला त्यावर अहवाल द्यावा लागला. शयनगृहाच्या भिंतीला टेकवून ते लावू नये, स्वतःच्याही नाही आणि शेजाऱ्याच्याही नाही. बंद न्हाणीघरात तर नाहीच: स्वतः गार केलेली हवाच ते पुन्हा ओढत बसेल. भरलेली दोनशे लिटरची टाकी अडीच-तीनशे किलोंची होते, तेव्हा बाल्कनीत ठेवण्याआधी सोसायटीच्या इंजिनिअरला दाखवा. समुद्रकाठच्या घरांनी कॉइलवर खाऱ्या हवेला टिकणारा लेप आहे ना, हे पाहावं.

पाणी ५५ अंशांवर ठेवणं काटकसरीचं. मात्र आठवड्यातून एकदा ते साठच्या वर न्यावं, नाहीतर कोमट टाकीत लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढण्याचा धोका असतो. बहुतेक यंत्रांत ही सोय असते, चालू आहे ना एवढंच बघायचं.

शेवटची गोष्ट दुरुस्तीची. गीझर गल्लीतला इलेक्ट्रिशियन उघडू शकतो. हीट पंपाला प्लंबर आणि एसीवाला असे दोघं लागतात, आणि ते एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून ब्रँडच्या जाहिरातीपेक्षा तुमच्या तालुक्याच्या गावी त्या कंपनीचा प्रशिक्षित माणूस आहे का, हे आधी विचारा. तो नसेल तर कितीही चांगल्या सीओपीचं यंत्र घेऊ नका.